काळीचा दगड



गेल्या काही भागांत आपण किल्ले, तह आणि लढाया यांबद्दल बोललो. आज एका कुत्रीबद्दल बोलायचं आहे. व्हिडिओ पाहणाऱ्यांना माझ्या खुर्चीच्या पायाशी ती झोपलेली दिसली असेल. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तिचं नाव काळी. वय अकरा. जात विचाराल तर जे. पी. नगरच्या रस्त्यावरची. आमच्या इमारतीच्या तळघरात, एका पावसाळ्यात, गाड्यांच्या मागे सापडली.

काळी हे नाव मी तिच्या रंगावरून ठेवलं असं सगळ्यांना वाटतं. रंग काळा आहेच, पण नाव आलं ते एका दगडावरून. आजची गोष्ट त्या दगडाची आहे.

मी निवृत्त झालो आणि मुलगी इथे नोकरीला म्हणून आम्ही दोघं बेंगळूरला आलो. शहाजीराजांच्या जहागिरीचं शहर, त्यामुळे इतिहासाचं वेड असलेल्या माणसाला इथे करमायला हरकत नव्हती. पहिल्याच वर्षी कस्तुरबा रोडवरचं सरकारी संग्रहालय पाहायला गेलो. १८६५ साली स्थापन झालेलं हे संग्रहालय. तिथे एका वीरगळापाशी मी थांबलो. आपल्याकडे महाराष्ट्रात गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ असतात. खाली लढाई, वर अप्सरा वीराला घेऊन जाताहेत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. या दगडावर तसं काही नव्हतं. एक रानडुक्कर आणि त्याला भिडलेलं कुत्रं, एवढंच चित्र. बाकी सगळा दगड जुन्या कन्नड अक्षरांनी भरलेला.

हा आतकूरचा शिलालेख. आतकूर हे आजच्या मंड्या जिल्ह्यातलं गाव. लेखाचा काळ शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५०. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण गादीवर होता. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच हे राष्ट्रकूट घराणं. दक्षिणेत त्यांची चोळांशी गाठ पडली ती तक्कोलमला. ही लढाई दक्षिण भारताच्या इतिहासातली मोठी लढाई आहे. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसून लढताना पडला आणि काही काळ चोळांची सत्ता खिळखिळी झाली. राजादित्याला मारलं ते कृष्णाचा मेहुणा आणि मांडलिक, गंग राजा दुसरा बुतुग याने.

आता गंमत पाहा. राजादित्य रणात पडला हे चोळांच्या ताम्रपटातही येतं. पण बुतुगाने त्याला मारलं, हे आपल्याला कळतं ते या दगडावरून. म्हणजे एका मोठ्या लढाईचा एवढा महत्त्वाचा पुरावा एका कुत्रीच्या स्मारकावर कोरलेला आहे. दगड उभा केला तो कुत्रीसाठी, आणि लढाई तिच्याबरोबर आपल्यापर्यंत आली.

बुतुगाच्या पदरी मणलेर नावाचा योद्धा होता. तो राजाच्या पुढे उभा राहून लढला. जिंकल्यावर बक्षिसं वाटली गेली. कृष्णाने बुतुगाला बनवासीसारखा मोठा प्रांत दिला. बुतुगाने मणलेराला सांगितलं, मी प्रसन्न आहे, हवं ते माग. त्याला पुढे गावंही मिळाली. पण आपल्या तोंडाने त्याने मागितली ती राजाची कुत्री, काळी.

मी पायदळात अनेक वर्षं काढली. त्या दगडापुढे मला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस मला ओळखीचा आहे. मोहिमेवरून परतलेला जवान काय मागतो? बढती, पदक हे नंतर येतं. पहिले काही दिवस त्याला फक्त कोणीतरी शेजारी हवं असतं, जे काही विचारणार नाही. कसं झालं, किती मेले, तू काय केलंस, यातलं काहीच नाही. नुसतं बरोबर चालेल. मणलेराने तेच मागितलं असावं, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, शिलालेखात कारण दिलेलं नाही.

पुढची हकिकत दगडावर आहे. बेळतूरजवळच्या टेकडीवर काळीला एका थोरल्या रानडुकरावर सोडलं. दोघं झुंजली आणि दोघंही मेली. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर हा दगड उभा केला, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि देवळाच्या पुजाऱ्याला बजावलं की या दगडाची पूजा न करता जेवशील तर पाप लागेल. हजार वर्षांपूर्वी एका सैनिकाने कुत्रीसाठी केलेली ही व्यवस्था.

आपल्या मराठी मुलखातही अशी उदाहरणं आहेत. रायगडावरच्या वाघ्याबद्दल तुम्ही कमेंटमध्ये विचाराल. त्याला समकालीन कागदांचा आधार मिळत नाही, म्हणून तो विषय मी आज बाजूला ठेवतो. पण साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सातारकर सांगतात. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शाहूंनी आपल्या कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिल्याचं लिहिलं आहे. लोक याला लहरीपणा म्हणतात. ज्या माणसाचं लहानपण आणि तारुण्य मोगलांच्या कैदेत गेलं, त्याला मोकळ्या रानात आपल्याबरोबर धावणाऱ्या जनावराची किंमत जास्त कळली असेल, असं मी म्हणतो.

मुधोळच्या घोरपड्यांचंही तसंच. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात, पण घराणं मराठी. तिथल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी लांब पायांची, सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात जोपासली आणि तिची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. महाराष्ट्रात आपण त्यांना कारवान म्हणतो. २००५ साली या जातीवर टपाल तिकीट निघालं आणि २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली.

आता मेरठचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुठल्या भागात सांगितली नाही.

१९९०च्या दशकात मी काश्मीरमध्ये मेजर होतो. रोज पहाटे ताफा निघण्याआधी रोड ओपनिंग पार्टी रस्ता तपासत पुढे जायची. एके दिवशी आमच्या पुढे मेरठहून तयार होऊन आलेला एक लॅब्राडोर होता आणि त्याचा हँडलर, आपल्याच साताऱ्याकडचा एक पोरगा. एका मोरीपाशी कुत्रा खाली बसला. वास लागला की बसायचं, हे त्याचं शिक्षण. आम्ही ताफा थांबवला. मोरीत स्फोटकं निघाली. मागच्या तीन गाड्यांत माझे जवान होते.

तो पोरगा कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसला होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, ह्याचं नाव..." आणि त्याने नाव सांगितलं. मी घड्याळ पाहत होतो. ताफ्याला दीड तास उशीर झाला होता. मी "शाबास" म्हणालो आणि वायरलेसकडे वळलो. संध्याकाळी अहवाल लिहिला. वेळ, ठिकाण, स्फोटकांचं वजन, सगळं नेमकं. कुत्र्याबद्दल एक ओळही नाही.

मंडळी, ते वजन मला आजही आठवतं. त्या मोरीचा क्रमांक आठवतो. कुत्र्याचं नाव आठवत नाही.

त्याच पोस्टिंगमध्ये मी श्रीनगरजवळच्या बुर्झहोमवरून कितीतरी वेळा गेलो. नवाश्मयुगातलं ठिकाण, जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीपासूनची वस्ती. तिथे माणसांबरोबर पुरलेली कुत्र्यांची हाडं सापडली आहेत, आणि एका शिळेवर शिकारी, हरीण आणि कुत्रा कोरलेले आहेत. मी एकदाही गाडी थांबवली नाही. सतत कुठेतरी पोहोचायचं होतं.

ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. काळी घरात आली तेव्हा मी तिला पहाटे साडेपाचला बाहेर काढायचो. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, कानात बातम्या. पाऊण तासात इमारतीपासून रागीगुड्ड्यापर्यंत आणि परत. रागीगुड्डा म्हणजे नाचणीची टेकडी, वर मारुतीचं देऊळ. काळीने झाडापाशी नाक लावलं की मी पट्टा ओढायचो. एक दिवस सौ. गच्चीतून पाहत होती. परत आल्यावर म्हणाली, "तुम्ही तिला फिरवत नाही, तिची परेड घेता."

मी हसण्यावारी नेलं. मग गेल्या वर्षी काळीचे मागचे पाय धरायला लागले. डॉक्टर म्हणाले, सांधे आहेत, चालू द्या, पण तिच्या चालीने. तिची चाल म्हणजे अर्ध्या तासात एक गल्ली. पहिले चार दिवस मला अक्षरशः घाम फुटला. काय करायचं उभं राहून? पाचव्या दिवशी घड्याळाचं चार्जिंग संपलेलं होतं आणि इअरफोन घरी राहिले होते.

ती एका करंजाच्या बुंध्याशी थांबली. इथे त्याला होंगे म्हणतात. मीही थांबलो. तिचं नाक बुंध्याच्या एकेका इंचावरून फिरत होतं, मध्येच थांबत होतं, मागे जाऊन पुन्हा तपासत होतं. आणि मला ती मोरी दिसली. तोही असाच, तसूभरही न सोडता, रस्ता वाचत गेला होता. त्याने घाई केली असती तर आज मी इथे बोलत नसतो. मी ज्याला पट्टा ओढून घाई करायला लावत होतो, त्याच सावकाशपणाने माझी माणसं वाचवली होती.

तेव्हापासून आमचा फेरा बदलला. पुट्टेनहळ्ळी तळ्याच्या बाजूच्या गल्ल्यांतून हळूहळू जातो. काळी थांबते तिथे थांबतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी टॅबेबुयाची फुलं फुटपाथवर पडलेली असतात, त्यांवरून ती पाय जपून टाकते. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत पहिल्या कॉफीचा वास सुटलेला असतो. फूलवाल्या अजी शेवंतीच्या माळा हाताने मोजतात आणि काळीला कन्नडमध्ये काहीतरी रागावतात. ती शेपूट हलवते. इतकी वर्षं याच रस्त्याने जाऊन मला हे दिसलं नव्हतं.

परवा वाटलं, त्या पोराला शोधावं. जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. अजून पत्ता लागलेला नाही. तो भेटला तर एकच प्रश्न विचारायचा आहे, त्याचं नाव काय होतं?

काळ बदलतो आहे, हेही सांगायला हवं. जुलै २०२२मध्ये बारामुल्लातल्या चकमकीत अ‍ॅक्सेल नावाचा लष्करी श्वान मारला गेला. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला 'मेन्शन इन डिस्पॅचेस' या सन्मानाच्या यादीत त्याचं नाव आलं. ती बातमी मी दोनदा वाचली. मणलेराने दगडावर केलं ते आता कागदावर होऊ लागलं आहे.

आपले नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कोरडी खाऊ नकोस म्हणाले. कुत्र्याकडे इतकं नीट पाहणं मला जमायला साठी उलटावी लागली.

तेव्हा या आठवड्याचं काम देतो, जुनी सवय आहे. तुमच्या गावच्या देवळाबाहेर वीरगळ असतील तर जवळ जाऊन बघा. कुठे वीराच्या पायाशी एखादं जनावर कोरलेलं दिसलं तर फोटो पाठवा. आणि घरात कुत्रं असेल तर उद्या सकाळी फोन घरी ठेवून त्याच्याबरोबर बाहेर पडा. पट्टा सैल सोडा. ते थांबेल तिथे थांबा.

काळी जागी झाली आहे. तिची वेळ झाली. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद.