तातडीचे गर्भनिरोधन : पहिले ७२ तास मोलाचे

निरोध फाटला, नेहमीची गोळी घ्यायची राहून गेली किंवा स्त्रीवर बळजबरी झाली, तर नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी हाताशी फार थोडा वेळ असतो. अशा प्रसंगासाठी कुटुंबनियोजन सेवेत तातडीच्या गर्भनिरोधनाची सोय आहे. मात्र, संकोच आणि गैरसमज यांतच तो मोलाचा वेळ निघून जातो.

गोळी काय करते?
लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची दीड मिलिग्रॅमची एक गोळी संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. ती स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया लांबणीवर टाकते. त्यामुळे जितका उशीर, तितका तिचा भरवसा कमी. दोन तासांत उलटी झाल्यास गोळी पुन्हा घ्यावी लागते. ही गर्भपाताची गोळी नव्हे; गर्भ राहिला असल्यास तिचा उपयोग होत नाही आणि गर्भाला अपायही होत नाही.

कोठे मिळते?
केंद्र सरकारने २००२-०३मध्ये या गोळीचा समावेश कुटुंब कल्याण कार्यक्रमात केला. २००५पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषधाच्या दुकानांत मिळू लागली. २०११मध्ये सुरू झालेल्या योजनेतून 'आशा' स्वयंसेविकांमार्फत ती घरपोच देण्याची व्यवस्था झाली. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हा अधिक परिणामकारक पर्याय असून, तीच पुढे अनेक वर्षे संरक्षण देते.

पीडितेचा हक्क
केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लैंगिक अत्याचारपीडितेच्या उपचारांत तातडीचे गर्भनिरोधन समाविष्ट आहे. उपचारांसाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवण्याची अट नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने हे उपचार मोफत करणे कायद्याने बंधनकारक आहे.

त्यानंतर काय?
पाळी आठवडाभराहून अधिक लांबल्यास गर्भचाचणी करावी. ही गोळी नेहमीच्या साधनाची जागा घेऊ शकत नाही. एचआयव्ही व अन्य लैंगिक संसर्गांपासूनही ती संरक्षण देत नाही. त्यासाठी निरोधच हवा. म्हणूनच केंद्रात गोळी हाती देताना पुढील नियमित साधनाविषयी सल्ला देणे आवश्यक आहे. तो सल्ला देताना स्त्रीला दोष न देणे, हाही या सेवेचाच भाग होय.