भंगारातून उठलेला आवाज : किंग्स्टनच्या रेडिओ मेकॅनिकांचा इतिहास

जमैका बेटावरचे किंग्स्टन शहर मराठी वाचकाला माहीत असते ते क्रिकेटमुळे. १९७१ च्या फेब्रुवारीत मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी तिथल्या सबायना पार्कवर २१२ धावा काढल्या आणि भारताने वेस्ट इंडीजवर प्रथमच फॉलोऑन लादला. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून ती बातमी आपल्याकडे घरोघर पोहोचली. त्याच काळात त्याच शहराच्या वॉटरहाऊस नावाच्या गरीब वस्तीत एक मेकॅनिक लोकांचे बिघडलेले रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करत होता. पुढे जगभरच्या संगीताला त्याने वळण दिले. त्याची बातमी मात्र आपल्याकडे आली नाही.

प्रस्तुत लेखात त्याची आणि त्याच्या आधीच्या मेकॅनिकांची हकीकत मांडायची आहे. संगीताच्या इतिहासात गायक असतात, वादक असतात, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या असतात. पण जो आवाज ऐकून लोक नाचले, तो तयार करणारा माणूस सहसा नसतो. किंग्स्टनमध्ये हा माणूस संशोधक नव्हता, अभियंताही नव्हता. तो दुरुस्तीवाला होता, आणि त्याच्यासमोर दुसऱ्यांनी टाकून दिलेले सामान होते.

जमैकातल्या नभोवाणीचा जन्मच मुळी जुन्या सामानातून झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर जॉन ग्रिनन या हौशी रेडिओचालकाने आपली यंत्रसामग्री सरकारच्या स्वाधीन केली आणि तिच्यावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये 'झेडक्यूआय' हे केंद्र सुरू झाले. व्यापारी तत्त्वावरचे 'रेडिओ जमैका' यायला १९५० साल उजाडले. गरीब वस्त्यांत रेडिओ परवडणारी घरे थोडी, आणि नाचाला बँड बोलावायचा तर खर्च मोठा. या दोन अडचणींमधून 'साउंड सिस्टिम' नावाची गोष्ट उभी राहिली. एक रेकॉर्ड प्लेअर, एक अॅम्प्लिफायर, माणसाच्या उंचीची लाकडी खोकी आणि हे सगळे वाहायला एखादा ट्रक. मोकळ्या अंगणात अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवायच्या, दाराशी थोडे प्रवेशमूल्य घ्यायचे आणि खरी कमाई रम व बिअरच्या विक्रीतून करायची, असा तो धंदा होता.

या धंद्यातले पहिले मोठे नाव म्हणजे टॉम वाँग, ऊर्फ 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन'. इतिहासाची पुस्तके बहुधा त्याच्यापासून सुरू होतात. पण टॉमचा अॅम्प्लिफायर कोणी बनवला, हा प्रश्न विचारला की हेडली जोन्स हे नाव पुढे येते. जोन्स यांचा जन्म १९१७ चा. १९४० मध्ये त्यांनी घरीच विजेवर चालणारी भरीव लाकडाची गिटार तयार केली होती आणि तिची बातमी तिथल्या 'ग्लीनर' या वृत्तपत्रात आली होती. युद्धकाळात ते ब्रिटिश हवाई दलात रडार तंत्रज्ञ झाले. परतल्यावर त्यांनी किंग्स्टनमध्ये रेकॉर्डविक्री आणि दुरुस्तीचे दुकान थाटले आणि १९४७ मध्ये आपला अॅम्प्लिफायर बांधला. दुकानात तो ऐकून टॉम वाँग तसाच एक बनवून मागायला आला. ही हकीकत जोन्स यांनीच वयाच्या नव्वदीत एका नियतकालिकात लिहून ठेवली. ती त्यांनी लिहिली नसती, तर आज आपल्याला केवळ टॉमचे नाव ठाऊक असते.

१९४७ हेच साल इंग्लंडमध्येही महत्त्वाचे ठरले. 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी पंधरा वॉटच्या उत्तम अॅम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला आणि हौशी लोकांनी तो घरोघरी बांधला. पण तिथे प्रश्न दिवाणखान्यातल्या आवाजाचा होता. किंग्स्टनमध्ये प्रश्न अंगणाचा होता, आणि अंगणाचे गणित वेगळे असते.

ते गणित समजून घ्यायला मी स्वतः एक संच बांधला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर हे सारे जुन्या पुस्तकांतून आणि मेकॅनिकांच्या शेजारी बसून शिकलो. पुण्याच्या जुन्या बाजारातून सभेत भाषणासाठी वापरायचा एक वॉल्व्ह अॅम्प्लिफायर आणि बारा इंची दोन स्पीकर आणले. खोकी प्लायवूडची, घरच्या गॅरेजमध्येच ठोकलेली. सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत बसला. वाळून गेलेले कंडेन्सर बदलताच यंत्र बोलू लागले. भाषण स्वच्छ, गाण्याचे शब्दही स्वच्छ. पण ढोलकीचा धुम गायब.

कारण साधे आहे. भाषणाच्या अॅम्प्लिफायरमध्ये खालचे स्वर मुद्दाम गाळलेले असतात. शब्द कळायला त्यांची गरज नसते, आणि भोंग्याला ते झेपतही नाहीत. आतले कपलिंग कंडेन्सर मोठ्या किमतीचे घातले की खर्ज पुढे सरकतो. पण मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आडवा येतो. त्याच्या गाभ्यात लोखंड कमी असेल, तर खालचा स्वर मोठा करताच तो फाटतो. तिथून पुढे तडजोड नाही, जास्त लोखंड आणि जास्त तांबे हवेच. शिवाय स्वर एक सप्तक खाली आला, तर तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. आवाज कानाला दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, कारण परतवायला भिंती नसतात.

हे सगळे हाताखालून गेल्यावर किंग्स्टनच्या कथा मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. माणसाएवढी खोकी हा तिथल्या लोकांचा बडेजाव असेलही. पण मुळात ती अंगणात खर्ज पोहोचवण्याची गरज होती. स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळता येणारा मेकॅनिक तिथे एवढा मोलाचा का होता, हेही उमगले.

पन्नाशीच्या दशकात स्पर्धा वाढली. माजी पोलिस असलेला ड्यूक रीड, 'डाउनबीट'चा क्लेमेंट डॉड ऊर्फ कॉक्सन, आणि मग प्रिन्स बस्टर. दुसऱ्याला गाणे ओळखू येऊ नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून टाकत. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक धून 'कॉक्सन हॉप' या टोपणनावाने गाजली ती अशीच. तबकडीचे नाव लपवता येई. पण यंत्राचा आवाज लपत नसे, आणि लोक त्यावरूनही अंगण निवडत. म्हणून तंत्र जाणणारा माणूस स्वतःच मालकही होऊ शकला. 'मॅटाडोर' ही साउंड सिस्टिम चालवणारा लॉइड डेली हा मुळात इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर होता आणि आपले अॅम्प्लिफायर स्वतः बांधत असे. अमेरिकेतून हव्या त्या तबकड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा हेच मालक स्थानिक गायकांकडून गाणी करून घेऊ लागले. स्का आणि रेगे यांची मुळे या गरजेत आहेत.

वॉटरहाऊसचा तो मेकॅनिक म्हणजे ऑस्बोर्न रडक, ऊर्फ किंग टबी. जन्म १९४१. इतरांच्या साउंड सिस्टिमचे अॅम्प्लिफायर बांधणे आणि दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. शिवाय 'होम टाउन हाय-फाय' ही स्वतःची सिस्टिम. सत्तरीच्या सुरुवातीला 'डायनॅमिक' या मोठ्या स्टुडिओने नवी यंत्रे घेतली आणि चार ट्रॅकचा जुना एमसीआय मिक्सर मोडीत काढला. टबीने तो घेतला आणि ड्रोमिली अॅव्हेन्यूवरच्या घरात बसवला. गायकाला उभे राहायला जागा नव्हती, म्हणून न्हाणीघरात माइक लावला.

त्या मिक्सरवर खालचे स्वर पायरीपायरीने गाळणारे एक मोठे बटण होते. मूळ उपयोग घरघर काढून टाकण्याचा. टबीने ते गाणे चालू असताना फिरवायला सुरुवात केली. खर्ज नाहीसा होई, झांजेची फक्त सळसळ उरे, आणि मग खर्ज एकदम कोसळे. गायकाचा आवाज अर्ध्यावर तोडून त्याचा प्रतिध्वनी फिरत ठेवायचा, ही त्याचीच रीत. 'डब' नावाच्या संगीतप्रकाराला आकार मिळाला तो असा. हे करायला जो कान लागतो, तो दुरुस्तीवाल्याचाच असतो. बिघाड शोधताना तोही एकेक भाग बंद करून बाकीचे ऐकतो.

ही विद्या बेटापुरती राहिली नाही. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्बेल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने आयोजिलेल्या पार्टीत त्याने 'कूल हर्क' या नावाने तबकड्या वाजवल्या; मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश. यंत्रणा वडिलांची होती, तिच्यातून पुरेशी ताकद काढण्याची जोडणी त्याने स्वतः शोधली होती. हिपहॉपचा प्रारंभ त्या दिवसापासून मानतात. त्याच वस्तीतला ग्रँडमास्टर फ्लॅश हा बार्बाडोसमध्ये जन्मलेला, तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा. टाकून दिलेल्या मोटारींतले स्पीकर आणि कचऱ्यातले भाग जमवून त्याने आपला संच उभारला, आणि पुढची तबकडी आधी कानात ऐकता यावी म्हणून एक स्विच बसवला.

१३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क अंधारात गेले, दुकाने लुटली गेली आणि त्या सामानातून हिपहॉप पसरले, असे वारंवार सांगितले जाते. त्या रात्री काहींच्या हाती यंत्रे आली, हे त्या काळातल्या कलावंतांनीच सांगितले आहे. पण हर्कची पार्टी त्याआधी चार वर्षे झाली होती. लूट एका रात्रीत होते, जोडणी एका रात्रीत येत नाही. गरिबाच्या हातातले यंत्र चोरीचेच असणार, हे मानणे सोपे पडते. ते त्याने दुरुस्त केले असेल, हे मानायला त्याच्या शेजारी बसावे लागते.

आपल्याकडेही गणेशोत्सव, जत्रा, तमाशा आणि लग्नसराईचा आवाज अशाच हातांनी उभा केला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, गावी बसून जोडायचे. आजच्या कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींचे मी समर्थन करत नाही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे, ती योग्यच. जमैकालाही १९९७ मध्ये तसा कायदा करावा लागला. पण आवाजाच्या त्रासाची कागदपत्रे जेवढी आहेत, त्या मानाने आवाज बांधणाऱ्यांची फारच थोडी.

आमच्या भागातल्या काही वृद्ध मेकॅनिकांच्या वह्या मी दोन वर्षे उतरवून घेत आहे. लग्नपत्रिकेच्या मागे काढलेल्या जोडण्या, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे आकडे, कोणत्या मंडळाला कोणता संच दिला याच्या नोंदी. वाचकांपैकी कोणाच्या घरी, आजोबांच्या बंद दुकानात, अशी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नये. हेडली जोन्स यांना लिहायला आयुष्य पुरले. प्रत्येकाला तेवढे मिळत नाही.