रणगाडा संग्रहालय, अहिल्यानगर

रणगाडे व चिलखती मोटारगाड्या यांचे महाराष्ट्रातील संग्रहालय. भूसेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे, जनरल बी. सी. जोशी लष्करप्रमुख असताना, फेब्रुवारी १९९४ मध्ये ते स्थापन झाले. भारतीय रिसाल्यात घोड्यांच्या जागी यांत्रिक वाहने आणण्यास १९३८ मध्ये सिंद हॉर्सपासून प्रारंभ झाला. त्या स्थित्यंतराचा पुढील इतिहास येथे पाहावयास मिळतो. रोल्स-रॉइस मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी, मटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे, तसेच दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडे येथे आहेत. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन आणि आवडी येथे तयार झालेला विजयंत हेही येथे आढळतात. सेवेतून बाद झालेली वाहने सामान्यतः मोडीत निघतात. म्हणून विजेत्यांची व पराभूतांची यंत्रे एकत्र जपणाऱ्या या संग्रहाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे.