डीनंतर एफ : हरवलेल्या ‘ई’ची कुळकथा

ॲरिझोनातल्या चँडलर शहरात घर शोधणारी मराठी मंडळी स्वयंपाकघर किती मोठं हे नंतर बघतात, आधी विचारतात ती शाळा. ‘ए’ची आहे की ‘बी’ची? कारण इथे अक्षरश्रेणी मुलांना मिळते तशी शाळेलाही मिळते. २०१० मध्ये राज्यात तसा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी शाळांना अक्षरं लागली. कल्पना फ्लोरिडाकडून उचललेली. तिथे ती १९९९ पासून चालू होती. तिसरी ते आठवीची राज्य चाचणी (आधी ‘एम्स’, मग ‘ॲझमेरिट’, २०२२ पासून ‘एएएसए’), मुलांनी मागच्या वर्षापेक्षा केलेली प्रगती, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांची वाटचाल, हायस्कूल असेल तर किती जण ते पूर्ण होईपर्यंत टिकले, हे सगळं एकत्र करून शाळेच्या नावापुढे एक अक्षर येतं. ए, बी, सी, डी, एफ.

मधली ‘ई’ कुठे गेली?

प्रश्न पोरकट वाटेल, पण चँडलरमध्ये तो फार खोलात नेतो. समजा, इथली एक मुलगी हायस्कूलमध्ये एका विषयात नापास झाली. तिच्या गुणपत्रिकेवर ‘एफ’ येतो. पुढे ती पेकोस रोडवरच्या चँडलर-गिल्बर्ट कम्युनिटी कॉलेजात गेली आणि तिथेही एखादा विषय राहिला, तर पुन्हा ‘एफ’च. मग तिने शेजारच्या टेंपी गावी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला आणि तिथे नापास झाली, तर मात्र मिळते ‘ई’. त्या विद्यापीठात नापासाची श्रेणी ‘ई’ आहे. परीक्षेत लबाडी करून नापास झालेल्यासाठी तर ‘एक्सई’ अशी खास खूण आहे. तूसाँच्या ॲरिझोना विद्यापीठातही नापासाला ‘ई’, आणि दूर मिशिगन विद्यापीठातही. म्हणजे ‘ई’ मेलेली नाही. शाळांमधून हद्दपार झाली आणि काही विद्यापीठांत टिकून राहिली.

श्रेणीच्या इतिहासातले ठरलेले टप्पे झटपट सांगता येतील. चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी शतकानुशतकं परीक्षा होत होत्या. १७८५ मध्ये येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन २० उत्तम, १६ दुय्यम उत्तम, १२ बरे आणि १० वाईट अशी वाटणी लॅटिन शब्दांत नोंदवली. १७९२ मध्ये केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी श्रेणी शोधून काढली, ही गोष्ट अमेरिकी लेखक नील पोस्टमन यांच्या पुस्तकामुळे फार पसरली. ती इथे कामाची नाही, कारण फॅरिश यांच्या नावावर आहेत ते उत्तरांना दिलेले आकडे. अक्षरांशी त्यांचा संबंध नाही. हार्वर्डमध्ये १८८३ साली कुणाला तरी ‘बी’ मिळाल्याचा उल्लेख सापडतो, पण अख्खी शिडी दिसत नाही.

ती दिसते मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात, १८९७ साली. ९५ ते १०० ला ए, ८५ ते ९४ ला बी, ७६ ते ८४ ला सी, बरोब्बर ७५ ला डी, आणि ७५ च्या खाली ई म्हणजे नापास. मराठी वाचकाने क्षणभर या ७५ वर थांबावं. आपल्या दहावीला ३५ ला पास आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. जिथे आपल्याकडे पेढे वाटतात तिथे या कॉलेजात मुलगी काठावर पास होत होती!

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. एकट्या ७५ गुणांसाठी डी राखून ठेवणं कॉलेजलाही पटलं नसावं. १८९८ मध्ये पट्टी नव्याने आखली : ए ९५ पासून, बी ९० पासून, सी ८५ पासून, डी ८० पासून, ई ७५ पासून. नापासासाठी एक घर पुढे सरकावं लागलं आणि तिथे आला एफ. म्हणजे पहिल्या वर्षीची नापास ई दुसऱ्या वर्षी पास झाली.

मग ती शाळांतून गेली का? एक मत असं की पालकांना ‘ई’ म्हणजे ‘एक्सलंट’ वाटेल, या भीतीने ती काढली. या मताला थोडा आधार आहे, कारण अमेरिकेतल्या अनेक प्राथमिक शाळांत ई-एस-एन-यू अशी पट्टी चालत आली आहे आणि तिथे ‘ई’चा अर्थ खरोखरच ‘एक्सलंट’ असतो. पण ही पट्टी लहान मुलांची. हायस्कूलच्या गुणपत्रिकेत ए, बी, सी, डी यांच्या खाली बसलेल्या ई ला कोण उत्कृष्ट समजेल? दुसरं मत असं की एफ मुळातच ‘फेल’चं आद्याक्षर म्हणून आला, क्रमाशी त्याचं देणंघेणं नाही. हे मत माउंट होल्योकच्या १८९८ च्या पट्टीपुढे टिकत नाही. तिथे एफ सहाव्या क्रमांकावर रांगेतच उभा आहे.

या लेखाची बाजू दोन्हींच्या मधली आहे. एफ आला तो क्रमाने, पण टिकला तो आद्याक्षरामुळे. सहावं अक्षर आणि ‘फेल’चं पहिलं अक्षर एकच निघालं, हा निव्वळ योगायोग. एकदा तो जुळल्यावर एफला रांगेची गरज उरली नाही. पुढे पासाच्या पायऱ्या पाचावरून चारावर आल्या, तेव्हा शेवटची पायरी म्हणून ई गळली आणि एफ जागच्या जागी राहिला. टेंपी आणि तूसाँने मात्र १८९७ चा सरळ क्रम पाळला : चार पास, पाचवं नापास.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण ‘ई’ आपल्याकडेही सुखरूप आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रगतिपुस्तकात अ-१, अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२, ड, इ-१, इ-२ अशा श्रेणी आल्या. ९१ पासून पुढे अ-१, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१, त्याखाली इ-२. सीबीएसईची त्या काळातली ए-१ ते ई-२ ही पट्टी शेजारी ठेवली की आकडे तंतोतंत जुळतात. आपला ‘इ’ हा वर्णमालेतला इ नव्हे, तो रोमन ई आहे.

पण मग अ, ब, क, ड हा क्रम तरी कुठला? बाराखडी शिकलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, अ नंतर आ येतो. तरी वर्गाची तुकडी ‘ब’, वेळापत्रकातला गट ‘क’, त्रिकोण ‘अबक’ हे सगळं आपण बिनदिक्कत म्हणतो. याचा एक दावेदार ‘अबजद’ हा अरबी-फारसी अक्षरक्रम आहे. अठराव्या शतकात जयपूरला सवाई जयसिंहांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. त्या ‘रेखागणिता’तल्या आकृत्यांना अ, ब, ज, द अशीच अक्षरं आहेत. दप्तरात फारसी मुरलेल्या मराठी कारकुनांनाही अबजद परका नव्हता.

हा दावा तिसऱ्या अक्षरावर अडतो. अबजदमध्ये तिथे ‘ज’ आहे, आपल्याकडे ‘क’. ग्रीक गॅमा आणि सेमिटिक गिमेल या तिसऱ्या अक्षरांच्या जागी ‘क’चा उच्चार असलेलं अक्षर बसतं ते लॅटिन वर्णमालेतच : सी. चौथ्याचीही साक्ष तीच, कारण फारसी दालचा आपण ‘द’ करतो आणि इंग्रजी डीचा ‘ड’. शिवाय कुणी अक्षराच्या नावावरून लिप्यंतर केलं असतं तर सीचा ‘स’ झाला असता. ‘क’ झाला याचा अर्थ हे काम उच्चार जाणणाऱ्या, इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या माणसाचं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गणिताची अशी पुस्तकं तयार होत होती. ए-बी-सी त्रिकोण तिथे अबक झाला, त्रिकोणाने तुकडीला नाव दिलं, तुकडीने गटाला, आणि शेवटी तीच अक्षरं प्रगतिपुस्तकात चढली, असं या लेखाचं ठाम अनुमान आहे.

एक फरक मात्र नोंदवायलाच हवा. महाराष्ट्राच्या योजनेत ‘इ’ मिळालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान ‘ड’पर्यंत आणण्याची जबाबदारी शाळेवर टाकली होती. तिथे ‘इ’ ही शिक्षकाला मिळालेली कामाची सूचना होती. चँडलरच्या शाळेतला ‘एफ’ निकाल सांगून थांबतो. २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नव्या समग्र प्रगतिपत्रकाची भाषाही चालू आहे. पट्टी पुन्हा आखली जाईल तेव्हा ‘इ’बरोबर आलेली ती जबाबदारी गळू देऊ नये.

आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातलं मराठी भूमितीचं पुस्तक असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. पहिल्याच सिद्धांताची आकृती उघडून तिसऱ्या बिंदूवर ‘क’ आहे की ‘ज’, ते पाहावं आणि जवळच्या ग्रंथालयाला कळवावं.