सवर्णन : अपूर्णांकांच्या बेरजेची जुनी वाट

पाचवी-सहावीच्या वर्गात १/२ + १/३ हे उदाहरण घातले, की काही वह्यांत हमखास २/५ असे उत्तर सापडते. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. आपण त्यावर लाल फुली मारतो आणि 'आधी लसावि काढा' असे पुन्हा बजावतो. पण २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा ठेवला आणि भाकरी लहान झाली, ही गंमत मुलाला दाखवायची मात्र राहून जाते. (दोन सामन्यांतला एक आणि पुढच्या तिनांतला एक जिंकला, तर पाचांत दोन जिंकले हे खरेच असते. म्हणजे मुलाचे गणित अगदीच वेडगळ नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे.) मग छेद सारखे करायची गरज माणसाला वाटली कशी? त्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

इजिप्तमध्ये इ. स. पू. १५५० च्या सुमारास आह्मोस नावाच्या लेखनिकाने पपायरसवर गणिताची एक पोथी उतरवली. आपण जुन्या पोथीची नक्कल करीत आहोत, असे तो स्वतःच लिहितो. १८५८ मध्ये हेन्री ऱ्हिंड या स्कॉटिश गृहस्थाने ती लक्झर येथे विकत घेतली. आज तिचा बहुतेक भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे लेखनिक २/३ वगळता जवळजवळ सगळे अपूर्णांक, अंश १ असलेल्या तुकड्यांत लिहीत. २/५ म्हणजे त्यांच्या लेखी १/३ आणि १/१५. २/१३ साठी तर १/८, १/५२ आणि १/१०४ असे तीन तुकडे! आपल्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो.

पण त्याच पोथीतले एक उदाहरण पाहा. २/३ आणि १/१५ एकत्र केले, तर १ पुरा व्हायला किती कमी पडते? लेखनिक १५ ही संख्या धरतो. तिचे दोन तृतीयांश १०, पंधरावा भाग १, मिळून ११. कमी पडले ४. पंधरातून ४ कसे काढायचे? पाचवा भाग ३ आणि पंधरावा भाग १. म्हणून उत्तर १/५ आणि १/१५. अशा मदतनीस संख्या या पोथीत अनेक ठिकाणी लाल शाईने लिहिल्या आहेत. हा आपला समान छेदच झाला. फक्त त्याला नाव नाही आणि सर्वांना लागू पडणारा नियम शब्दांत मांडलेला नाही.

नियम पुढे चीनच्या 'नऊ प्रकरणे' या ग्रंथात मिळतो, आणि भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये तो दिला आहे : प्रत्येक अंश व छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणावा, मग अंशांची बेरीज करावी. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी आणखी एक पाऊल टाकले. छेदांचा नुसता गुणाकार न करता त्यांचा लसावि घ्यावा असे त्यांनी सांगितले आणि त्याला 'निरुद्ध' हे नाव दिले.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते या क्रियेचे जुने नाव. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) ती 'अंशसवर्णन' म्हणून येते. सवर्णन म्हणजे एका वर्णाचे, एका जातीचे करणे. अर्धे आणि तृतीयांश या वेगळ्या जातीच्या वस्तू. तीन पेरू आणि दोन चिंचा यांची बेरीज 'पाच पेरू' होत नाही, तसेच हे. तिथे ३, १/५ आणि १/३ यांची बेरीज विचारली आहे. ज्या संख्येला छेद नाही तिचा छेद १ मानायचा, म्हणजे ४५/१५, ३/१५ आणि ५/१५, उत्तर ५३/१५. लगेच पुढे १/१४ मधून १/६३ वजा करायला सांगितले आहे. छेदांचा सरळ गुणाकार केला तर ८८२ येतो. पण १४ आणि ६३ यांना ७ ने भाग जातो. राहिले २ आणि ९. त्यांनी उलटसुलट गुणले की ९/१२६ उणे २/१२६, म्हणजे ७/१२६, म्हणजेच १/१८. या दोन्ही वाटा भास्कराचार्यांनी सांगितल्या आहेत, आणि दुसरी सोपी पडावी असेच आकडे निवडले आहेत. हाडाच्या शिक्षकाचे काम! त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.

सवर्णन आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत बाजारातही चाले, पण नाव न घेता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. रुपयाचा अर्धा हिस्सा ८ आणे, तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै. दोन्ही मिळून १३ आणे ४ पै, म्हणजे १६० पै. मुलांना १६०/१९२ ला संक्षेप द्यायला सांगा : ५/६. आणि २/५ रुपया म्हणजे किती, तेही काढू द्या. साडेसहा आणेसुद्धा होत नाहीत, हे ती स्वतःच ओरडून सांगतील.