पातंजल योग आणि मनोविकारचिकित्सा : केईएम रुग्णालयातील एका प्रयोगाचा इतिहास

प्रास्ताविक

भारतीय परंपरेतील मनविषयक संकल्पना आधुनिक मनोविकारशास्त्रात सामावून घ्याव्यात, ही मागणी परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. आणि दर वेळी ती प्रथमच केली जात असल्याचा आविर्भाव असतो. वस्तुतः मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुमारे साठ वर्षांपूर्वीच हा प्रयत्न झाला होता. एन. एस. वाहिया, एस. एल. विनेकर आणि डी. आर. दूंगाजी यांनी १९६६ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री' या नियतकालिकात मनोविकारांच्या उपचारांतील काही प्राचीन भारतीय संकल्पनांवर निबंध प्रसिद्ध केला. या प्रयत्नाने परंपरेतून काय घेतले आणि काय वगळले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोणते मन?

'भारतीय मनसंकल्पना' हा एकवचनी शब्दप्रयोगच मुळात सदोष आहे. चरकसंहितेतील मन अणुरूप व एक आहे. म्हणूनच एका क्षणी ते एकाच विषयाशी जोडले जाते. चिंतन, विचार, ऊहापोह, ध्यान व संकल्प ही त्याची क्षेत्रे होत. धी, धृती व स्मृती भ्रष्ट झाल्या की प्रज्ञापराध घडतो आणि त्यातून रोग उद्भवतो. उन्मादाचे पाच प्रकार चरकाने सांगितले आहेत. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे यास 'सत्त्वावजय' असे नाव देऊन दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय या उपचारांच्या जोडीला त्याने त्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. या साऱ्याचे साध्य आरोग्य हे आहे.

पतंजलीचे चित्त निराळे आहे. क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध या चित्ताच्या पाच भूमी व्यासभाष्यात आढळतात. त्यांतील पहिल्या तीन वाचताना आजच्या वाचकास रोगलक्षणांचा भास होतो. परंतु तेथे रोगी व निरोगी असा भेद अभिप्रेत नाही. सामान्य माणसाचे चित्तही विक्षिप्तच असते. अंतिम साध्य कैवल्य असल्यामुळे 'बरे होणे' हा त्या मार्गावरचा मुक्काम फार तर ठरेल, शेवट नव्हे.

मग वैद्यकाच्या प्राध्यापकांनी वैद्यकग्रंथ बाजूस ठेवून योगसूत्रांकडे का वळावे? याचे एक कारण लोणावळ्यात सापडते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन-प्राणायामांचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्याची परंपरा तेथे रुजली. कुवलयानंद व विनेकर यांचे यौगिक चिकित्सेवरील पुस्तक १९६३ साली केंद्रीय आरोग्य खात्याच्या वतीने प्रसिद्ध झाले. म्हणजे योग केईएममध्ये पोहोचला तो मठातून नव्हे, तर प्रयोगशाळेतून. त्याचे आधुनिक भाषांतर अगोदरच झालेले होते, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

पाच अंगांचा उपचार

काळही ध्यानात घेतला पाहिजे. क्लोरप्रोमाझीन १९५२ पासून, इमिप्रामीन १९५७ च्या सुमारास आणि क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये वापरात आले. गोळ्यांचे युग सुरू होत असतानाच वाहिया व त्यांचे सहकारी आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पाच पायऱ्यांचा मनःशारीरिक उपचार रचत होते. तो प्रामुख्याने मज्जाविकृती, अर्थात तत्कालीन परिभाषेतील न्यूरोसिस, व मनोकायिक विकार यांसाठी होता. स्वतःचे यश, नातेसंबंध, भूतकाळ व भविष्य यांत गुंतून पडलेले मन सोडवून व्यक्तीच्या सर्जक क्षमतांना वाव देणे, ही त्यामागील धारणा होती. परिस्थितीशी जुळवून घेणे हेच उद्दिष्ट मानणाऱ्या पाश्चात्त्य उपचारांपेक्षा आपण वेगळे आहोत, असे हे संशोधक आग्रहाने मांडीत.

प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे मोठेपण मात्र या तत्त्वज्ञानात नसून त्यांनी स्वीकारलेल्या कसोटीत आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटास संपूर्ण उपचार, तर दुसऱ्यास आसन-प्राणायामासारख्या दिसणाऱ्या क्रियांचा आभासी उपचार देण्यात आला. संपूर्ण उपचार घेणाऱ्यांत अधिक सुधारणा आढळली. गट लहान होते आणि आजच्या निकषांवर ही रचना अपुरीच ठरेल. तरीही 'परंपरेत आहे म्हणून खरे' असे न म्हणता परंपरेलाच तुलनेस उभे करणे, हे धैर्य आजच्या अनेक पुरस्कर्त्यांत अभावानेच दिसते.

आठांपैकी पाच अंगे घेतली गेली. यम, नियम व समाधी बाहेर राहिली. समाधी रुग्णालयात अपेक्षितच नव्हती. यम-नियम वगळणे मात्र इतके साधे नाही. अहिंसा, सत्य, अपरिग्रह यांच्या बैठकीवाचून धारणा ही एकाग्रतेची कसरत उरते, असा आक्षेप परंपरेच्या अभ्यासकाने घेतल्यास तो खोडून काढणे कठीण आहे. उलट, सर्व धर्मांचे रुग्ण येणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयात नीतिनियम उपचार म्हणून लिहून देणे कितपत उचित, हा डॉक्टरांचा प्रश्नही रास्तच होय.

दैव असे की, काळाच्या ओघात वाहून गेली ती आधुनिक संज्ञा. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणाने 'न्यूरोसिस' हा वर्ग मोडीत काढला. त्यामुळे केईएममधील रुग्णांचे निष्कर्ष आजच्या कोणत्या निदानाशी जोडावेत, हे ठरविणे अवघड झाले.

तंत्र आणि नाते

जे. एस. नेकी यांनी १९७३ सालीच गुरु-चेला संबंधाकडे मानसोपचाराचा संभाव्य नमुना म्हणून लक्ष वेधले. वाहियांनी परंपरेतून तंत्र घेतले, नेकींनी नाते. पुढील काळात तंत्राची सरशी झाली, कारण तंत्र मोजता येते. नात्यात अधिकाराचा धोकाही असतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. श्रद्धेने दर्ग्याच्या आश्रयास आणलेली ही माणसे होती. गुरूवरील विश्वासाची थोरवी गाताना ही घटना नजरेआड करता येत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने साखळदंडांना मनाई केली. त्याच अधिनियमाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदाचे पदव्युत्तर पदवीधर मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरले. वाहियांनी बाजूस ठेवलेला चरक अशा रीतीने कायद्याच्या वाटेने परतला. आता एकाच रुग्णाची नोंद एक चिकित्सक प्रज्ञापराधाच्या परिभाषेत आणि दुसरा नैराश्याच्या परिभाषेत करणार असेल, तर रुग्णाच्या नातेवाइकांनी कोणता कागद वाचावा, याचे उत्तर पदवीच्या मान्यतेतून मिळत नाही.