झाकण मिटले, तरी लॅपटॉप जागाच

लॅपटॉपचे झाकण मिटून तो पिशवीत टाकला, की तो आपोआप निद्रावस्थेत जाईल, असे वापरणारा गृहीत धरतो. क्वचित तसे होत नाही. घरी पोहोचेपर्यंत यंत्र तापलेले असते, बॅटरी उतरलेली असते आणि साठवायचे राहिलेले काम गेलेले असते. दोष बहुधा बॅटरीवर जातो. मात्र अनेकदा मूळ कारण निराळेच असते: झाकण मिटल्याची वर्दी ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचलेलीच नसते.

झाकण, चार्जर, बॅटरीची पातळी, की-बोर्डावरील काही खास कळा यांवर लक्ष ठेवण्याचे काम बहुतेक लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसर करीत नाही. त्यासाठी ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाची छोटी स्वतंत्र चिप असते आणि लॅपटॉप झोपलेला असतानाही ती जागी राहते. तिने ऑपरेटिंग सिस्टीमशी कसे बोलावे, याचे नियम ‘एसीपीआय’ या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. काही घडले की चिप एक इशारा देते. इशाऱ्यात ‘काहीतरी झाले आहे’ एवढेच असते. काय झाले, ते ड्रायव्हरने विचारायचे. मग चिप घटनेचा क्रमांक सांगते आणि त्या क्रमांकासाठी लॅपटॉपच्या निर्मात्याने लिहून ठेवलेली कृती पार पडते. क्रमांक शून्य आला, तर सांगण्यासारखे काही उरले नाही, असा अर्थ.

ही व्यवस्था इशाऱ्यावर विसंबून आहे आणि तोच थांबला तर काय होते, हे सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर लिनक्स वापरणाऱ्यांनी अनुभवले. त्यांत ५३० आणि ९०० या मालिकांतील यंत्रे होती. लॅपटॉप झोपलेला असताना झाकण उघडले-मिटले, चार्जर लावला-काढला, बॅटरीची पातळी बदलली, की चिप प्रत्येक घटना टिपून ठेवी. ही नोंदवही फार लहान होती. चाचण्यांवरून तिच्यात आठच घटना मावत असाव्यात, असे दिसले. ती भरली की चिप नव्या घटनांसाठी इशारा देणेच थांबवी. टपालपेटी तुडुंब भरली म्हणून पोस्टमनने दारावरची घंटा वाजवणे सोडून द्यावे आणि घंटा वाजत नाही म्हणून घरातल्यांनी पेटी उघडू नये, तशातला हा प्रकार. यंत्र जागे झाल्यावर, इतकेच नव्हे तर बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ही कोंडी सुटत नसे. चार्जर लावल्याचे कळत नसे, झाकण मिटूनही लॅपटॉप झोपत नसे, अंधार पडला तरी की-बोर्डाचा दिवा लागत नसे. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, हे सहजी ध्यानात येणारे नव्हते. ते अखेर वापरणाऱ्यांपैकीच एकाने शोधून काढले.

२०१४ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये त्यावर उपाय आला. यंत्र सुरू होताना आणि झोपेतून जागे होताना ड्रायव्हरने इशाऱ्याची वाट न पाहता स्वतःहून विचारत राहावे आणि साचलेल्या घटना काढून टाकाव्यात, असा तो उपाय. हे विचारणे कमाल १०० वेळा. तेवढ्यानेही चिप रिकामी झाली नाही, तर तशी सूचना नोंदवायची. निर्मात्याचे नाव तपासून ही तरतूद फक्त सॅमसंगच्या यंत्रांपुरती ठेवली गेली.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. ड्रायव्हरमधील नवी व्यवस्था अशा घटना आपोआप हाताळील, या समजुतीने २०१७ मध्ये ही तरतूद काढून टाकण्यात आली. जुन्या तक्रारी परत आल्या आणि २०१९ मध्ये ती पूर्ववत करावी लागली. कागदावर अनावश्यक ठरलेल्या ओळी प्रत्यक्ष यंत्रांना हव्याच होत्या. हार्डवेअरच्या खोडी सांभाळणारे असे तुकडे विद्रूप दिसतात खरे, पण ती सगळी यंत्रे समोर नसताना त्यांना हात लावणे धोक्याचेच.

सगळ्या हुकलेल्या वर्दींचे मूळ मात्र हे नसते. काही यंत्रे झाकण मिटल्याचे कळवतात, पण उघडल्याचे कळवतच नाहीत. मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी झाकण मिटलेलेच राहते आणि लॅपटॉप जागा होताच पुन्हा झोपू शकतो. अशा यंत्रांसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ‘आरंभी झाकण उघडेच आहे असे समज’ असे सांगण्याची सोय आहे.

आपल्या लॅपटॉपमध्ये दोष कुठे असावा, याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. झाकण मिटूनही लॅपटॉप झोपत नसेल, तर प्रथम झाकणासंबंधीची सेटिंग तपासावी. ती योग्य असेल, तर चार्जर काढून पडद्यावरील बॅटरीचे चिन्ह बदलते का, ते पाहावे. तेही बदलत नसेल, तर संशय एम्बेडेड कंट्रोलर आणि त्याच्या ड्रायव्हरवर जातो; बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत करून पाहावी. चिन्ह लगेच बदलत असेल, तर झाकणाची जाणीव करून देणारा संवेदक तपासून घ्यावा. तोवर लॅपटॉप पिशवीत ठेवण्यापूर्वी मेन्यूतून झोपवावा आणि त्याचे दिवे व पंखा शांत झाल्याची खात्री करून घ्यावी.